मुलांसह लांबचा पल्ला : पनवेलपासून तळकोंकणापर्यंत

पनवेल मागें टाकून मोटार पळस्प्याच्या फाट्याशीं आली म्हणजे रस्ता दुभंगतो. एक वाट बोरघाट चढून पुण्याकडे जाते. दुसरी दक्षिणेकडे वळते आणि पेण, महाड, चिपळूण, कणकवली अशीं गांवें घेत गोमंतकांत उतरते. या दुसऱ्या वाटेस आज राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ म्हणतात. पूर्वीं तिचा क्रमांक १७ होता. पनवेलला सुरू झालेला हा मार्ग कर्नाटक व केरळ ओलांडून कन्याकुमारीस संपतो. परंतु भाद्रपदाच्या आरंभीं जीं असंख्य कुटुंबें या फाट्यावरून दक्षिणेकडे वळतात, त्यांच्या डोळ्यांपुढें कन्याकुमारी नसते. त्यांच्या डोळ्यांपुढें असतें गांवचें घर, सारवलेलें अंगण, माटवीखालीं मांडलेला पाट. आणि त्या पाटावर गणपति बसण्यापूर्वीं आपण घरीं पोहोंचलें पाहिजे, ही एकच तळमळ त्यांच्या मनांत असते.

गाडीच्या मागच्या बैठकीवर मुलें असतात. ही तळमळ त्यांची नसते. कर्नाळ्याचा सुळका दिसूं लागतो न लागतो तोंच त्यांचा पहिला प्रश्न येतो, "आतां किती राहिलें?" पेणेस तोच प्रश्न, वडखळास तोच, आणि माणगांव येईपर्यंत त्या प्रश्नाला रडण्याची साथ मिळते. वडील माणसें या प्रश्नास उपद्रव समजतात आणि "थोडेंच राहिलें" असें खोटें उत्तर देऊन मोकळीं होतात. वस्तुतः सबंध प्रवासांत विचारला जाणारा सर्वांत शहाणपणाचा प्रश्न तोच होय. पनवेल ते सावंतवाडी हें अंतर सुमारें साडेचारशें किलोमीटर आहे. प्रौढास ही संख्या कळते. चार वर्षांच्या मुलास ती कळत नाहीं. त्याला कळतें तें एवढेंच, कीं पाय अवघडले, तहान लागली आणि खिडकीबाहेरचीं झाडें कांहीं संपत नाहींत. मुलें बरोबर असतांना प्रवासाचें माप कोणतें धरावयाचें, रस्त्याचें कीं मुलांचें, याचा विचार घरोघरीं निघण्यापूर्वीं झाला पाहिजे.

पनवेलला प्रवासी नवे नाहींत. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां मुंबईचे प्रवासी होडीनें पनवेलच्या बंदरांत उतरत आणि तेथून पुढें गाडी जोडून घाटाकडे निघत. बैलगाडीचीं चाकें तयार करणें हा त्या काळीं या गांवचा नांवाजलेला धंदा होता. बैलगाडीचा प्रवास कष्टाचा खरा. पण त्यांत एक गुण होता. बैलांना विसांवा द्यावाच लागे, त्यांना पाणी दाखवावेंच लागे, आणि म्हणून गाडींतल्या मुलांनाहि उतरून झाडाखालीं खेळावयास मिळे. तळकोंकणची माणसें मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनें जात, तेथेंहि मुलांना डेकवर हिंडावयास जागा असे. पुढें २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गानें खुली झाली; आगगाडींतहि मूल दोन डब्यांच्या मधून फेरी मारून येऊं शकतें. मोटार मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. तिचें यंत्र थकत नाहीं, म्हणून आंत बसलेल्या माणसांनींहि थकूं नये, असा तिच्या चालकाचा समज होऊन बसतो. मोटारप्रवासांतील निम्मीं दुःखें या एका समजांतून उपजतात.

आरंभींची मोटार अशी नव्हती. जगांतील पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास म्हणून जो ओळखला जातो, तो मुळीं एका आईनें मुलांसह केलेला प्रवास होता. ऑगस्ट १८८८ मध्यें जर्मनींत बेर्टा बेंझ ही बाई आपल्या पतीनें, कार्ल बेंझनें, तयार केलेली तीन चाकांची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरीं निघाली. बरोबर ऑयगेन व रिचर्ड हे दोन मुलगे होते. एक पंधरा वर्षांचा, दुसरा तेरा. अंतर सुमारें शंभर किलोमीटर होतें. वाटेंत इंधन हवें झालें, तेव्हां एका गांवच्या औषधाच्या दुकानांतून तें विकत घेतलें. इंधनाची नळी तुंबली, तेव्हां बाईनें टोपीच्या टांचणीनें ती साफ केली. चढ आला तेव्हां मुलांनीं उतरून गाडी ढकलली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तेव्हां जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर कातडें ठोकून घेतलें. सकाळीं निघालेलीं तीं तिघें तिन्हीसांजेस पोहोंचलीं. ती गाडी ठायीं ठायीं थांबे, आणि प्रत्येक थांब्यावर मुलांच्या हातांना काम मिळे. आजची गाडी थांबा मागत नाहीं. म्हणून तो थांबा आईबापांनीं स्वतः मागून घेतला पाहिजे.

पनवेलमध्यें राहणारें, मूळचें कुडाळकडचें, असें एक कुटुंब कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावें. वडील नोकरींत आहेत, आई शाळेंत शिकविते. घरांत आजी आहे, आठ वर्षांची मुलगी व चार वर्षांचा मुलगा आहे. मागल्या गणपतीस हें कुटुंब रात्रीं दहा वाजतां निघालें होतें. वडील दिवसभर काम करून आले होते. वडखळच्या आसपास वाहनांच्या रांगेंत दोन तास गेले. पोलादपूर सुटलें तेव्हां पहाटेचे तीन वाजले होते. पुढें उतारावर वडिलांच्या पापण्या क्षणभर मिटल्या. चाक कडेच्या खडींत उतरलें, आणि त्या खडखडाटानेंच ते जागे झाले. कोणास कांहीं झालें नाहीं. मुलें झोंपलीं होतीं, त्यांना कळलेंहि नाहीं. परंतु शेजारीं बसलेल्या आईनें तो क्षण पाहिला होता.

यंदा पुन्हां वडिलांनीं तोच बेत मांडला. "अगं, रजा मोजकीच आहे. रात्रीं निघालों कीं सकाळीं दारांत. मुलेंहि झोंपून जातील, त्यांचा त्रास नाहीं."

आई म्हणाली, "अहो, मुलें झोंपतील, पण तुम्हीहि झोंपाल. गेल्या वर्षीं कशेडीच्या पुढें काय झालें, तें मी अजून आईंना सांगितलेलें नाहीं."

आजी शेजारच्याच खोलींत निवडण घेऊन बसली होती. ती सूप बाजूला ठेवून दारांत आली. वडील गप्प झाले. त्यांच्याहि मनाला एक बोंच होती. त्यांचे वडील गेल्यापासून गणपतीची प्रतिष्ठा करण्याचा मान घरांतील थोरला म्हणून त्यांच्याकडे आला होता. आणि पाटाशीं उशिरा पोहोंचणें म्हणजे वडिलांच्या जागेस उणेपणा आणणें, असें त्यांना वाटे. आजीनें तें ओळखलें. ती आपल्या बोलींत एवढेंच म्हणाली, "गणपती खंय पळान जाऊचो नाय. पोरांचो जीव आधीं बघ." दुसऱ्या दिवशीं वडिलांनीं कार्यालयांत रजेचा आणखी एक दिवस मागितला. ती रजा बिनपगारी होती. तरी निघावयाचा दिवस एकानें अलीकडे आला आणि चिपळुणास रात्रीचा मुक्काम ठरला. तेथें वाट जवळजवळ निम्मी होते.

या घरानें जो एक दिवस विकत घेतला, त्याची किंमत अनेकांस परवडत नाहीं, हें खरें. पण एक दिवस मिळत नसेल तर निदान वेळ बदलतां येते. मुलांना घेऊन निघण्यास पहांटेसारखी वेळ नाहीं. मात्र आदल्या रात्रीं चालकाची पुरी झोंप झालेली असावी. मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंतचे तास हे माणसाच्या शरीराचे झोंपेचे तास आहेत. चहानें व गाण्यानें ती झोंप लांबते, टळत नाहीं. दर दोन तासांनीं गाडी उभी करावी, आणि ती केवळ पेट्रोलासाठीं नव्हे. मुलांनीं दहा मिनिटें धांवावें, उड्या माराव्यात, आणि मगच पुन्हां बसावें. थांबल्यावर मूल झोंपलें आहे म्हणून त्याला बंद गाडींत ठेवून उतरणें मात्र कधींहि क्षम्य नाहीं. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारींतील उष्णता पहिल्या दहा मिनिटांतच सुमारें दहा अंशांनीं वाढते, आणि लहान मुलाचें शरीर मोठ्यांपेक्षां फार लवकर तापतें.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. आईची मांडी ही मुलाची हक्काची जागा. पण धांवत्या मोटारींत ती सुरक्षित जागा नव्हे. हें मायेवर बोट ठेवणें नाहीं, साधा हिशेब आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या एका दशांशांत थांबली, तर दहा किलो वजनाचें मूल आईच्या हातांना सुमारें १४० किलोचें होतें. एवढें ओझें जगांतील कोणतीहि आई त्या क्षणीं धरून ठेवूं शकत नाहीं. १९५९ सालीं स्वीडनमध्यें व्होल्वो कंपनींतील नील्स बोलीन या अभियंत्यानें छाती व कंबर या दोहोंवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला; तो मोठ्यांच्या मापाचा आहे. मुलांना त्यांच्या वयाच्या व उंचीच्या मापाची वेगळी बैठक लागते. अगदीं तान्ह्या मुलाची बैठक मागच्या बाजूस तोंड करून बांधावी लागते, कारण त्याची मान डोक्याचें वजन पेलण्याइतकी बळकट नसते. बारा वर्षांच्या आंतील मुलांची जागा मागेंच. पुढच्या बाजूस फुगणारी हवेची पिशवी मोठ्यांस वांचविते, ती लहानास इजा करूं शकते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानें चौदा वर्षांखालील मूल पट्ट्यावांचून वा बालबैठकीवांचून नेल्यास एक हजार रुपये दंड ठेविला आहे. दंडाच्या भयानें कां होईना, मागें बसलेल्या आजीनेंहि पट्टा लावावा. मागचें माणूस बांधलेलें नसलें, तर आदळतांना तें पुढच्यावर जाऊन पडतें.

तिसरी अडचण गाडी लागण्याची. पुष्कळ घरांत अशा मुलाला नाजूक म्हणून बोल लाविला जातो. त्यांत मुलाचा दोष नाहीं. कानाच्या आंतल्या भागांत शरीराचा तोल व हालचाल ओळखणारें इंद्रिय असतें. तें सांगतें, शरीर वळत आहे, वर-खालीं होत आहे. आणि पुस्तकाकडे किंवा मोबाइलकडे खिळलेले डोळे सांगतात, सर्व स्थिर आहे. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं, म्हणून मळमळतें. दोन ते बारा या वयांत हा त्रास विशेष असतो. उपाय त्या कारणांतच आहे. मुलाच्या डोळ्यांना दूरचा डोंगर पाहूं द्यावा, खिडकींतून वारा घेऊं द्यावा, घाटाच्या आधीं पोटभर व तेलकट खाऊं घालूं नये, उपाशीहि ठेवूं नये. मऊ भात, केळें, भाजलेले पोहे असें हलकें खाणें थोडें थोडें द्यावें. मुलाच्या हातांतील चित्रांचा पडदा त्याला गप्प करतो खरा. पण घाटांत तोच त्याला आजारी पाडतो.

चौथी गोष्ट पावसाची. गणपतीचे दिवस पावसाळ्याच्या उत्तरार्धांत येतात, आणि या मार्गावरील पाऊस थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानींतला दगडी पूल महापुरांत वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या व इतर वाहनें अंधारांत नदींत गेलीं, आणि त्यांतील माणसें घरीं परतलीं नाहींत. पुढच्या वर्षीं जूनमध्यें तेथें नवा पूल उभा राहिला. रस्ता रुंद करण्याचें काम २०११ सालीं पनवेलच्या बाजूनें हातीं घेण्यात आलें आणि तें वर्षांमागून वर्षें रेंगाळलें. तरी २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वीं कशेडीच्या बोगद्याचा एक मार्ग लहान वाहनांना खुला झाला, आणि वळणावळणांच्या घाटांतील पाऊण तासाची वाट कांहीं मिनिटांवर आली. वाचलेला हा वेळ वेगांत घालावयाचा कीं विसांव्यांत, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मुसळधार पाऊस लागला, समोरचें दिसेनासें झालें, तर गाडी सुरक्षित जागीं उभी करून पाऊस ओसरण्याची वाट पाहणें यांत भीरुता नाहीं. पाटावरचा देव तेवढा खोळंबतो. त्याला त्याची संवय आहे.

आतां त्या मूळच्या प्रश्नाकडे वळावें : "आतां किती राहिलें?" पनवेलच्या त्या कुटुंबांत यंदा आईनें त्याचें उत्तर शोधून काढलें. सह्याद्रींत उगम पावलेल्या नद्या पश्चिमेस समुद्राकडे धांवतात, आणि हा रस्ता उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. म्हणून वाटेंतील प्रत्येक नदी त्याला ओलांडावीच लागते. आईनें निघण्यापूर्वीं मुलीकडून दहा नांवें पाठ करून घेतलीं : पाताळगंगा, आंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, अर्जुना आणि गड. लहान भावाला नांवें येईनात, तेव्हां त्यानें बोटें मोजावयाचीं ठरलें. सहा नद्या झाल्या कीं चिपळूण व मुक्काम. दहा झाल्या कीं कणकवली आणि मग घर. "किती राहिलें?" याला आतां खरें उत्तर होतें, आणि तें मुलाच्या बोटांवर मावत होतें.

नद्यांच्या मधल्या वाटेवर आजीचें बोलणें चालूं होतें. पनवेलहून निघाल्यावर थोड्याच वेळांत शिरढोण लागतें. तेथें १८४५ सालीं वासुदेव बळवंत फडके जन्मले. पेणेस घरोघर गणपतीच्या मूर्ति घडतात, आणि हें काम वर्षभर चालतें. महाडास चवदार तळें आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं तेथें हजारोंच्या समुदायासह पाणी प्राशन केलें, तें माणुसकीचा हक्क म्हणून. "पाणी प्यायला हक्क कशाला लागतो?" असें मुलीनें विचारलें, तेव्हां गाडींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं, मग आईनें तिला सारें समजावून सांगितलें. संगमेश्वरास १६८९ सालीं संभाजी महाराज मोगलांच्या हातीं सांपडले. खारेपाटणास रत्नागिरी जिल्हा संपतो आणि सिंधुदुर्ग लागतो. १ मे १९८१ पर्यंत हे दोन्ही एकच जिल्हा होते. शाळेच्या पुस्तकांत जें चार धड्यांत पांगलेलें असतें, तें या एका रस्त्यानें एका माळेंत ओंवलें. अर्थात् सारेंच गोड झालें नाहीं. माणगांवांत मुलगा ओकला, लांज्याजवळ भावंडांचें भांडण झालें, आणि चिपळुणास पोहोंचावयास ठरल्यापेक्षां तीन तास उशीर लागला. पण उशीर लागला तेव्हां दिवस होता, चालक जागा होता आणि कोणास पाटाशीं वेळेवर पोहोंचण्याचें भय नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं दुपार कलतां कलतां गड नदीचा पूल आला. मुलगा झोंपेंत होता. बहिणीनें त्याला हलवून जागें केलें, कारण दहावें बोट त्याचें होतें. संध्याकाळीं गाडी घराच्या वाटेस लागली, तेव्हां चतुर्थीस अजून एक रात्र शिल्लक होती. सकाळीं वडिलांनीं स्नान करून, पुरी झोंप झालेल्या डोळ्यांनीं, आपल्या वडिलांच्या जागीं बसून पूजा केली.

शहरांत वाढणाऱ्या मुलांचें गांवाशीं असलेलें नातें आतां फार थोड्या धाग्यांवर उरलें आहे. शेती त्यांच्या हातांत नाहीं, बोली कानांवर पडते तेवढीच, आणि आजी कायमची नसते. त्यांतला एक धागा हा रस्ता आहे. मुलांना तो ओकारी, अंधार आणि आईबापांची चिडचीड एवढ्याच रूपानें आठवला, तर उद्यां स्वतःची गाडी हातीं आल्यावर तीं पळस्प्याच्या फाट्यावरून दक्षिणेकडे वळतील, याची खात्री कोणी द्यावी? तोच रस्ता दहा नद्यांचा, आजीच्या गोष्टींचा आणि वाटेवरच्या मुक्कामाचा म्हणून आठवला, तर तीं वळतील. आणि त्यांच्या मागच्या बैठकीवर बसलेलीं मुलें बोटें मोजूं लागतील. एका रजेच्या दिवसाचा पगार त्यापुढें महाग म्हणतां येणार नाहीं.